कोलवणचा दगड

शिमगा आठ दिवसांवर आला तरी मेंगाळांच्या वरच्या तुकड्यात भाताच्या रोपांसाठीचा राब पडला नव्हता. ऐनाच्या पाड्यातल्या बाकी सगळ्यांचं शेण-पाला-टहाळ रचून झालं होतं. काहींचं भाजूनही झालं होतं. उतारावर काळे चौकोन दिसत होते, धोतराला ठिगळं लावावी तसे. यांचं अजून टहाळ तोडणंच चाललेलं. बाप शाम महिनाभर वैशाखऱ्याला रस्त्याच्या कामावर गेला आणि आला तो कंबर धरूनच आला. आजा बुधू ऐंशीचा. राहिल्या दोघी. आई बारकी खाली आणि काजल झाडावर.

काजल सतरा वर्षांची. नववीत शाळा सुटली. म्हणजे तिनं आश्रमशाळेच्या रेक्टरला ताट फेकून मारलं, मग शाळेनंच तिला सोडली. तेव्हापासून ती डोंगरात. एक पाय ऐनाच्या फांदीवर, एक बेचक्यात, ओढणी कमरेला आवळलेली. कोयता मारायचा तो फांदीच्या मुळाशी नाय, वीतभर सोडून. तेवढा खुंट ठेवला की पुढल्या साली परत फुटतो. हे तिला आजानं सांगितलेलं, आजाला त्याच्या बापानं.

वरून तिला गार्ड आधी दिसला. शिटी नंतर ऐकू आली.

"उतर खाली! कोणाला विचारून तोडताय?"

जंगलखात्याचा गार्ड किशोर. गाडी खाली लावून चढून आला होता, त्यामुळं धापा टाकत होता आणि त्याचाही राग आला होता.

"दर साली तोडतो साहेब," बारकी म्हणाली. "राबाला."

"दर सालचं सोडा. गुरवारी मोजणी आहे. शहापूर-मुरबाडची हद्द नक्की करायचीय. हे झाड कुठल्या तालुक्यात येतं तेच ठरलं नाय आणि तुमी त्याचे हात तोडताय."

"झाडालाच विचारा ना," काजल वरून म्हणाली. "कुठलं गो तू, शापूरचं का मुरबाडचं?"

"जीभ लय चालते तुझी."

"कोयता पण चालतो."

"काजल!" आई ओरडली.

गार्डनं वर बघितलं नाय. तो बारकीसमोर गेला. तिच्या हातात दुसरा कोयता होता, फांद्या सोलायचा. त्यानं नुसता हात पुढं केला. बारकीची मूठ आपोआप उघडली. कुणी ओढला नाय, झटापट नाय. काजलनं वरून ते पाहिलं आणि तिच्या पोटात आग पडली. कोयता नेला त्याची नाय, मूठ उघडली त्याची.

"तो वरचा पण दे. मोजणी होईपर्यंत फांदी तोडायची नाय, काडी पेटवायची नाय. तुकडा शहापुरात राहिला तर तुमचा दावा चालू. मुरबाडात गेला तर दावा रद्द. तिकडं रोपवन मंजूर आहे, पावसाच्या आधी खड्डे पडणार."

वनहक्काचा दावा शामनं पाच वर्षांपूर्वी शहापूरला टाकला होता. फायलीत आजाच्या आजापासूनची नावं. पाड्याच्या बाकीच्यांचे तुकडे खाली, पाड्याला लागून. ओहोळाच्या बाजूला वरती एकटा मेंगाळांचाच. वर्षाचं भात त्यातच.

काजलनं कोयता खाली फेकला. गार्डच्या पायापासून दोन हातांवर रुतला. गार्ड मागं सरकला.

*

संध्याकाळी पडवीत बुधू कांबटं काढत बसला होता, टोपलीसाठी. त्याला दिसायचं कमी. बोटांनीच बांबू वाचायचा. शाम भिंतीला पाठ लावून, कंबरेखाली गोधडी.

"शापूर-मुरबाड काय घेऊन बसलेत," बुधू म्हणाला. "शापूर कालचं. माझ्या आज्याच्या वक्ताला सगळं कोलवण. कोलवण तालुका."

"ते कुठं गेलं मग?" काजलनं विचारलं.

"कुठं जायचं? डोंगूर हितंच. नाव गेलं. साहेबानं बदाललं. साहेबाला सगळं बदलाय लागं. घोड्यावर आला. संगती साखळी, लोखंडाची, ह्या दारापासनं त्या आंब्यापातुर. ती वडायला ठाकर. वेठ! भाकर घरची न् काम सरकारचं. तवा इंजिनाचे रूळ पडत व्हते. रुळाखाली घालाया लाकूड पायजे. मंग कुठला डोंगूर सरकारचा न् कुठला रयतंचा, ते आधी ठरवा. वड साखळी. वहाळ धरला. वहाळाच्या अल्याड कोलवण, पल्याड मुरबाड. माझ्या आजीचं माहेर पल्याड. हाक मारली तं ऐकाय जायचं. एका साखळीत परगाव झालं."

"आणि तो दगड?"

"दगड माझ्या आज्यानं न् त्याच्या भावानं वायला. खदानीपासनं. दोघांच्या मधी वासा न् वाश्याला दगड. वाटंला भाव पडला, हात मोडला. साहेब बोलला, दगड रवा, मंग हात बघू." बुधूनं कांबटाची धार अंगठ्यानं तपासली. "न् बोलला, जो ह्यो दगड हालवल त्याला पंचवीस फटकं. एकाचा बैल घासला दगडाला. जरासा कलंडला. त्याला दिलंनच. बाया भ्याल्या. पोरांना सांगाय लागल्या, त्याच्याजवळ जाव नको. मंग कुणी हळद वायली, कुणी शेंदूर. असा चेडोबा झाला."

"म्हणजे भिऊन देव केला."

"भ्याल्याबिगर कोण नारळ फोडतो गो?"

शाम हसला, कंबरेत कळ आली, थांबला.

"पण आजा, दगड वहाळाच्या काठावर रवला ना? मग मोहाखाली कसा आला? वहाळापासून दोनशे पावलं वर?"

चुलीपाशी बारकीचा हात भाकरीवर थांबला.

"चालला," बुधू म्हणाला.

त्यापुढं विचारायचं नसतं. पाड्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं, जसं एखादीचं लग्नाआधीचं ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाय. ज्या साली सव्वीस जुलैला आभाळ फाटलं, त्या साली ओहोळानं काठ खाल्ला आणि चेडोबा तोंडावर पाण्यात पडला. देव बुडाला तर पाडा बुडाला. पाणी ओसरल्यावर चार-पाच गडी उतरले, दगड वाशाला बांधला, खांद्यावर घेऊन मोहाच्या झाडाखाली आणून बसवला. मग वासा ओहोळात सोडला आणि मागं न बघता घरी गेले. देव उचलला असं म्हणायचं नाय. माणसानं उचललेला तो देव कसला? देव चालला म्हणायचं. तोंडातून दुसरा शब्द गेला तर चेडोबा शीव सोडून जातो आणि मग वाघ, साप, ताप, सगळं मोकळं.

काजल त्यानंतर दोन वर्षांनी जन्मली. पण तिलाही कुणी न सांगता ठाऊक होतं.

ओहोळ आणि मोह यांच्या मधला उतार म्हणजे मेंगाळांचा तुकडा.

"बाबा," ती शामला म्हणाली, "गुरवारी त्या दगडावरून माप धरलं तर?"

"धरतील कशाला? वहाळ दिसतोय की."

"आणि धरलं तर बोलायचं ना आपण?"

शामनं गोधडी वर ओढली. बारकीनं भाकरी उलटली. करपली होती.

*

गुरवारी मोजणीवाल्या मॅडम आल्या. योगिनी मॅडम. बुटक्या, डोक्यावर क्रिकेटची टोपी, पायात बूट. आसनगावपर्यंत गाडीनं, मग टमटम, मग शेवटचं पायी. संगती मशीन धरायला एक माणूस आणि गार्ड किशोर. पाडा सगळा जमलेला. लग्नाला नाय जमत एवढा.

मॅडमनी आधी ओहोळ बघितला. मग पिशवीतून नकाशाची झेरॉक्स काढून काठच्या एका खडकावर पसरली, चार कोपऱ्यांना चार खडे.

"हा मूळ नकाशा दीडशे वर्षांचा," त्या म्हणाल्या. "हे बघा, इथं अजून कोलवणच लिहिलंय. त्या वेळी हा ओहोळ असा सरळ होता. आता बघा कसा वळलाय. दर पावसात कूस बदलणाऱ्या ओहोळावर मी हद्द धरू शकत नाही. नकाशात इथं एक दगड आहे. पुढचा खदानीत गेला, मागचा रस्त्याखाली. हा एक मिळाला तर बरं."

"हाय की," मागून कुणीतरी म्हणालं. "चेडोबा."

काजलनं वळून बघितलं. कोण बोललं ते कळलं नाय.

मोहाखाली चेडोबा कमरेएवढा उभा होता, शेंदरानं गुबगुबीत झालेला. मॅडमनी माथ्यावर हात फिरवला.

"बाय, हात नका लावू!" कोंडू भगत पुढं झाला. साठीकडं झुकलेला, खांदे अजून रेड्यासारखे. शिवेची पूजा त्याच्याकडं. "बायामाणसानं शिवत नाय देवाला."

"मी बाई नाही," मॅडम म्हणाल्या. "मोजणी खातं आहे."

पोरं हसली. कोंडू नाय हसला. मॅडमनी नखानं शेंदूर खरवडला, पापुद्र्यावर पापुद्रा. खाली काळा दगड आणि दगडावर छिन्नीनं मारलेली फुली.

"हाच." त्या खूश झाल्या. मग उठून सगळ्यांकडं बघत त्यांनी नीट, सावकाश विचारलं, "हा दगड कधी कोणी हलवलाय का? पुरात, रस्त्याच्या कामात? नीट आठवून सांगा. यावरच सगळं आहे."

मोहाची दोन फुलं पडली. ती पडल्याचा आवाज आला.

"कोणी नाय हालवला," कोंडू म्हणाला.

"नाय," दुसरा म्हणाला.

"नाय, नाय." बाया पण.

आणि त्यातला एकही खोटं बोलत नव्हता. त्यांच्या मनानं नाय. काजलनं बापाकडं बघितलं. शाम पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

मशीन लागलं. मॅडम डोळा लावून हात हलवायच्या, माणूस काठी घेऊन सरकायचा. तासाभरानं फक्कीची पांढरी रेघ मोहाच्या मागून गेली, वर जंगलाकडं चढली. मग मेंगाळांच्या तुकड्यात लाल फडकी लागली. एक बांधावर. एक ऐनापाशी. एक थेट रचलेल्या टहाळावर, जसा कुणी मढ्यावर बावटा लावावा.

"हा तुकडा मुरबाडात येतो," मॅडम म्हणाल्या.

शाम कंबर धरून पुढं आला. "पण मॅडम, आमी शापूरचे. रेशन शापूरचं. मतदान शापूरचं. दावा शापूरला."

"तुम्ही शहापूरचेच. जमीन मुरबाडची."

"मग आता मुरबाडला दावा टाकू?"

"तिकडच्या गावात तुमचं नाव कुठंय?"

गार्ड म्हणाला, "ते टहाळ आजच उचला. उद्या खड्ड्यांची आखणी करायचीय."

शामनं मान हलवली. हो म्हणून. नुसती मान हलवली, जशी आईनं मूठ उघडली. ते बघितलं आणि काजलच्या कानाशी रक्त चढलं.

"दगड हालवलाय," ती म्हणाली.

कुणी ऐकलं नाय असं झालं. म्हणून ती ओरडली. "दगड हालवलाय! वहाळाच्या काठावर होता. पुरात पडला, यांनी उचलून आणला. सगळ्यांना ठाऊक हाय!"

शामची थोबाडीत बसली ती पाड्यासमोर, गार्डसमोर, मॅडमसमोर. लहानपणापासून त्यानं हात उचलला नव्हता, त्यामुळं कुठं आणि किती ते त्याला कळलं नाय. काजल मोहाच्या मुळावरून अडखळली आणि चेडोबाच्या पायाशी आपटली.

"पोर खुळी हाय मॅडम," कोंडू म्हणत होता. "शाळेतून पण काढली."

"अहो मारताय काय!" मॅडम म्हणाल्या. मग कागदाकडं वळून, "बाकी सगळे नाही म्हणतायत. मला पुरावा लागेल. नुसतं एका मुलीच्या बोलण्यावर..."

काजल उठली नाय. गाल मातीला लागलेला. डोळ्यांत पाणी होतं, पण त्या पाण्यातूनही तिला समोरचं दिसत होतं. उभ्या माणसाला कधी दिसलं नसतं. दगडाच्या बुडाशी, शेंदराचे ओघळ जिथं संपतात तिथं, गवताच्या मुळांत एक निळी काडी. काडी नाय. तंतू.

तिनं बोटांनी माती उकरली.

"हात काढ!" कोंडू धावला. "हात काढ पोरी, जळशील!"

ती उकरत राहिली. नखात खडे गेले. तंतूचा पीळ झाला, पिळाची दोरी झाली, बोटाएवढी जाड, निळीभोर नायलॉनची. एक टोक बाहेर आलं, दुसरं दगडाखाली अडकलेलं. बसवताना दाबलं गेलेलं. तिनं दोन्ही हातांनी ओढली, सुटली नाय.

ती गुडघ्यांवर बसली. "मॅडम, साहेबाच्या टायमाला नायलॉन होतं का?"

मॅडम वाकल्या. बराच वेळ बघितलं. मग मोबाइल काढून फोटो घेतला, एक लांबून, एक जवळून.

"नव्हतं," त्या म्हणाल्या.

त्यांनी नकाशाची घडी घातली. "हा दगड मूळ जागेवर नाही. यावरची मोजणी मी धरू शकत नाही. दिवाळीनंतर दोन्ही तालुक्यांची एकत्र मोजणी लागेल. तोवर जैसे थे."

"म्हंजी?" बारकीनं विचारलं.

"म्हणजे ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडेच. कसत होता तसं कसा. दावाही तसाच."

काजलला हसू फुटणार तोच गार्ड म्हणाला, "एक मिनिट मॅडम. हद्दीची निशाणी हलवणं गुन्हा आहे. पंचनामा लिहावा लागेल. कोणी हलवली?"

गार्डनं खिशातला पेन काढला. "नाव सांगा. ही म्हणते सगळ्यांना ठाऊक आहे. काय गो? कोणी?"

आता पाडा काजलकडं बघत होता. सगळेच्या सगळे. उचलणाऱ्यांतले तिघं समोर उभे होते. एक कोंडू. त्याच्या उजव्या खांद्यावर वाशाचा वण होता, लहानपणापासून ती बघत आलेली. आत्ताच हा तिला खुळी म्हणाला होता. जिभेच्या टोकावर नाव आलं.

मनगटाला काहीतरी चावल्यासारखं झालं. बुधू केव्हा येऊन बाजूला बसला ते तिला कळलं नव्हतं. त्याची बोटं, कांबटं सोलून सोलून चिमट्यासारखी झालेली.

"दोरी माझी," बुधू म्हणाला. "सरळगावच्या बाजारातनं घेतलेली. रेड्याला. रेडा मेला, दोरी ऱ्हायली."

"आणि दगड?"

"म्या उचाललाय."

मागं एका बाईनं तोंडावर पदर घेतला. काजल बोलली ते पोरीचं बोलणं. उचलला हा शब्द पाड्यानं जाणत्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला होता, आणि तोही चेडोबाच्या समोर.

"एकट्यानं?" गार्ड म्हणाला.

"एकट्यानं."

"बाबा, चार माणसांचा दगड आहे हा."

"तवा मी जवान व्हतो."

"तेव्हा तू साठीचा असशील!"

"आमच्यात साठीत जवानच असत्यात."

कोण तरी फिसकन हसलं आणि तिथंच गिळलं. मॅडमनी कोंडूकडं बघितलं. कोंडू लांब सिद्धगडाकडं बघत होता, जसं काय तिकडून कोण येणार आहे.

गार्डनं लिहिलं. शाई लावली. बुधूचा अंगठा उमटेना. रेषाच राहिल्या नव्हत्या, नुसता डाग यायचा. तीनदा पुसून तीनदा घेतला. तिसऱ्यांदा गार्डनं त्याचा अंगठा आपल्या मुठीत धरून कागदावर घासला, चटणी वाटावी तसा.

"बोलावणं येईल," तो म्हणाला. "शहापूरहून येईल, मुरबाडहून पण येईल. दोन्हीकडं हजर राहायचं."

"येतील तं येतील," बुधू म्हणाला. "मंग का, चालतच जायाचं."

काजलनं त्याचा हात धरून त्याला उठवलं. अंगठ्याची शाई तिच्या तळव्याला लागली. जिंकल्यासारखं तिला कुठंच वाटत नव्हतं.

*

मेंगाळांशी बोलायचं नाय असं कुणी ठरवलं नाय. बैठक नाय, काय नाय. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बारकी गेली तर बायांनी आपापले हंडे उचलून जागा दिली. सगळी जागा. होळीला मेंगाळांची पोळी घेतली, होळीत टाकली, पण नैवेद्याच्या ताटात ठेवली नाय. शाम घरी येऊन जेवला नाय.

"तुला गप बसता येत नव्हतं?" तो काजलला म्हणाला. थोबाडीत मारल्यानंतर हे पहिलं वाक्य.

"गप बसले असते तर आज खड्डे पडले असते."

"पडले असते."

"मग?"

"मग सगळे आले असते, आपल्याला दोन घास भरवायला," शाम म्हणाला.

राब मात्र भाजायचा होता. त्याला दहा हात लागतात. पाड्यात एकाचा राब पेटला की पाच घरांतले गडी ओल्या टहाळ्या घेऊन कडेला उभे राहतात. पैसे नाय, बोलावणं नाय. धूर दिसला की येतात. काजलला कळत होतं, या वर्षी धूर दिसला तरी कोण येणार नाय.

त्यांनी पाच दिवस रचलं. खाली शेणाच्या गोवऱ्या फोडून, त्यावर आधीच तोडलेला टहाळ, त्यावर पालापाचोळा, गवत, आणि सगळ्यावर माती, वारं आत शिरू नये म्हणून. कोयते नव्हते. फांद्या गुडघ्यावर मोडल्या. बारकीच्या गुडघ्याला निळं झालं. शामनं कंबरेला धोतर करकचून बांधलं आणि वरच्या अंगाला, जंगलाच्या कडेनं, चार हात पट्टा साफ केला. जरा जास्त करायला पाहिजे होता. दहा हात असते तर झाला असता.

सकाळी उन्हं वर यायच्या आत, वारं पडलेलं असताना पेटवला. वरच्या कडेनं, म्हणजे आग खाली खाली सावकाश जाते. अर्धा राब झाक जळला. धूर सरळ वर. बुधू बांधावर बसून नाकानं हुंगत होता. "बेस चाललंय," म्हणाला. "वास बेस हाय."

मग ओहोळाकडून भोवरा आला. दिसला आधी, पाला गरगरत वर येताना. राबावर येऊन फिरला आणि वरची माती उडाली. एक पेटतं गवत उचललं गेलं आणि पट्ट्याच्या पलीकडं पडलं, वाळल्या गवतात.

शाम धावला. बारकी धावली. टहाळीनं हाणलं, एक विझलं, दोन पेटली. आग गवतातून सरपटायला लागली. एक तोंड जंगलाकडं, एक मोहाकडं. चौघं. त्यातला एक ऐंशीचा, एक कंबर मोडलेला. जंगल पेटलं की गार्ड काय म्हणेल ते काजलला त्याच्याच आवाजात ऐकू आलं. जैसे थे संपलं. तुकडा संपला.

"पळ!" शाम ओरडला. "पाड्यात जा!"

ती पळाली. उतार, काटे, एक चप्पल गेली. कोंडूच्या अंगणात पाच-सहा गडी बसलेले. धूर त्यांना दिसत होता. केव्हाचा दिसत होता. तोंडं तिकडंच होती, आणि टहाळ्या, तोडलेल्या, ओल्या, भिंतीला टेकवून ठेवलेल्या. कुणीतरी तोडून आणल्या होत्या आणि मग सगळे बसून राहिले होते.

"वणवा लागलाय," ती म्हणाली.

कुणी उठलं नाय. एकानं दुसऱ्याकडं बघितलं. दुसऱ्यानं कोंडूकडं.

तिला या म्हणायचं होतं. या, हात जोडते, या. ते तिच्या तोंडातून निघेना. निघत होतं ते दुसरंच. ती कोंडूच्या उजव्या खांद्याकडं बघत होती, उघड्या, त्या वणाकडं. अंगणात त्याची सून होती, नातवंडं होती. ओसरीवर धोंडीबाई, त्याची आई, तांदूळ निवडत. एकच वाक्य लागलं असतं, देव यानं उचलला.

कोंडूनं तिची नजर पाहिली. त्यानं टॉवेल खांद्यावर ओढला.

काजलनं तोंड उघडलं. मनगट दुखलं, जिथं आजानं धरलं होतं. तिनं तोंड मिटलं. मान खाली घातली, भिंतीची एक टहाळी उचलली आणि मागं वळून चढायला लागली.

दहा पावलं गेली तेव्हा मागं पायांचा आवाज आला.

कोंडू सगळ्यांच्या पुढं गेला, मोहाकडच्या तोंडावर. दोघं जंगलाकडं. बाकीचे रांगेत. टहाळी वर, टहाळी खाली, फट्, फट्, फट्. धुरात तोंडं दिसेनात, नुसते हात. शाम एका गुडघ्यावर बसून हाणत होता. कोंडूच्या भुवया जळाल्या. एकदा काजलच्या ओढणीला ठिणगी लागली तर कुणीतरी तिच्या पाठीत टहाळी हाणली, जोरात, आगीपेक्षा जोरात, आणि पुढं गेलं.

ऊन डोक्यावर यायच्या आधी विझलं. जंगलाच्या कडेच्या करवंदाच्या दोन जाळ्या जळाल्या, बस. खालचा राब तेवढ्या वेळात आपला आपण जळून काळा, मऊ झाला होता. जसा पाहिजे तसा.

राब झाला की घरची बाई पाणी देते. बारकीनं हंडा आणून बांधावर ठेवला, वर तांब्या. गडी वाटेनं निघाले. पहिला हंड्यावरून गेला. दुसरा गेला. जीभ ओठांवर फिरवत गेला, पण थांबला नाय. तिसरा, चौथा. बारकीचा तांब्या धरलेला हात हळूहळू खाली आला.

शेवटी कोंडू. त्याला खोकला लागला होता, थांबत नव्हता. हंड्यापाशी येऊन वाकला, गुडघ्यांवर हात ठेवून खोकला.

"घ्या काका," काजल म्हणाली. आईच्या हातातला तांब्या घेऊन तिनं पुढं केला.

कोंडूनं तांब्याकडं बघितलं. हात लावला नाय. खाली उकिडवा बसला आणि ओंजळ केली, तोंडापाशी, परक्याच्या दारात करतात तशी.

तांब्या त्याच्या डोक्यात घालावा असं काजलला वाटलं. खरंच वाटलं, तिचा कोपर वर गेला सुद्धा. बांधावर बुधू बसला होता, नखात अजून शाई राहिलेल्या अंगठ्याचा हात मांडीवर, आवाजाकडं कान करून.

"वत गो," बारकी म्हणाली.

तिनं धार धरली. कोंडू प्यायला लागला. घशाची घाटी वर-खाली होत होती. बोटांतून गळालेलं पाणी राखेत पडलं, चर्र झालं. तांब्या रिकामा झाला. त्यानं ओंजळ काढली नाय. तिनं हंड्यात तांब्या बुडवला आणि परत ओतलं.